मंदीत काढलेला लोगो

२ जानेवारी, सकाळी ९.४०

नवी डायरी. दरवर्षी बिस्किट कंपनीकडून फुकट यायची. यंदा आली नाही, म्हणून स्वतः आणली. एका अर्थी बरंच झालं. त्यांच्या डायरीत दर पानाच्या तळाशी एक बिस्किट छापलेलं असायचं आणि माझं लक्ष उडायचं.

संकल्प एक: रोज साडेआठला स्टुडिओत हजर. आजचा दिवस धरायचा नाही, डायरी आणायला गेलो होतो. संकल्प दोन: 'मंदी' हा शब्द स्टुडिओत उच्चारायचा नाही. संकल्प तीन: पट्टीला डिझाइनमध्ये थोडं सामील करून घ्यायचं, त्याला बरं वाटेल.

ही डायरी माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. तरी उद्या कुणाला माझ्यावर लिहावंसं वाटलं तर अडायला नको, म्हणून थोडी पार्श्वभूमी. चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचा डिझाइन स्टुडिओ. दोन खोल्या आणि एक काचेचं केबिन. खोकी, लेबलं, लोगो, दुकानांच्या पाट्या. एकवीस वर्षं झाली. मालक दोघं, मी आणि पट्टी. कॉलेजात त्याच्या मागच्या खिशात कायम स्टीलची पट्टी असायची, तेव्हापासून हेच नाव. डिझाइन मी बघतो, बाकीचं तो. बाकीचं म्हणजे क्लायंट, छापखाना, कागद, चुका. शिवाय चित्रं काढणारी एक मुलगी आहे, रेघावाली. पेन चालतंय का हे ती हाताशी येईल त्यावर रेघ ओढून बघते. माझ्या डब्याच्या झाकणावरही एक आहे.

९ जानेवारी

बिस्किटवाल्यांचा फोन. नव्या खोक्याचं काम यंदा नाही, जुनंच चालवू म्हणाले. जुनं म्हणजे माझंच, बारा वर्षांपूर्वीचं. झाकण मागे दुमडलं की त्याची बशी होते, ते. बारा वर्षांनंतरही क्लायंट म्हणतो याहून चांगलं काही नको, याहून मोठी दाद कुठली? पट्टीला तसं सांगितलं. तो म्हणाला, "दाद नाही रे ती. काम गेलंय." पहिल्यापासून हा असाच. आनंदाच्या बातमीत खोट काढणार.

१४ जानेवारी

पेपरात मोठा लेख. धंदा बसला की कंपन्या सगळ्यात आधी डिझाइनवरचा खर्च कापतात म्हणे. लिहिणाऱ्याला विषय कळलेला नाही. माझं म्हणणं उलट आहे. पाय घसरतोय अशा माणसाला धरायला कठडा लागतो, आणि डिझाइन हा तो कठडा. वाक्य चांगलं जमलं. वेबसाइटवर टाकायचं.

रेघावालीने विचारलं, मग फोन का वाजत नाही. लहान आहे अजून.

२२ जानेवारी

फर्निचरवाल्याने लोगो स्वतःच काढला. कॉम्प्युटरवर, दहा मिनिटांत. खुर्ची आहे, तिला तीनच पाय दिसतात. मी त्याला चार पानी पत्र लिहिलं: डिझाइन म्हणजे काय, व्यावसायिकाची समाजाप्रती जबाबदारी, आणि चौथा पाय. पट्टीने ते पाठवू दिलं नाही. स्वतःच जाऊन त्याच्याबरोबर चहा पिऊन आला. येताना काम घेऊन आला. काय, तर सेलचे बोर्ड.

मी स्पष्ट सांगितलं, मी सेलचे बोर्ड करत नाही. माणसाला काही तत्त्वं असतात.

२७ जानेवारी

सेलच्या बोर्डाची चौदा ऑप्शन्स केली. करायचंच तर नीट. नवव्या ऑप्शनमध्ये 'ल' हळूहळू खाली उतरतो, किमतीसारखा. क्लायंट म्हणाला, लाल करा आणि मोठं करा. पट्टीने पाच मिनिटांत लाल केलं आणि मोठं केलं. बरं दिसत होतं. अर्थात पाया माझ्या चौदा ऑप्शन्सचा.

६ फेब्रुवारी, दुपार

मोठा निर्णय. फोन का वाजत नाही याचं कारण सापडलं. आमचा स्वतःचाच लोगो जुना झालाय. एकवीस वर्षांपूर्वी घेतलेल्या दोन पेन्सिली, एकीवर एक आडवी. आज तसल्या पेन्सिली वापरतो कोण? दुसऱ्यांची तोंडं रंगवता रंगवता आपलं धुवायचं राहून गेलं. दोन आठवड्यांत नवा लोगो, मग कार्डं, लेटरहेड, वेबसाइट. बाजार थंड आहे तोवर हे उरकून घेतलं की बाजार गरम होताना आपण तयार.

पट्टीला सगळं समजावलं. तो बराच वेळ खिडकीतून खाली बघत होता. मग म्हणाला, जरा बोलायचं होतं. मी म्हटलं, लोगो झाला की निवांत बोलू. तो हसला. म्हणजे पटलं.

१९ फेब्रुवारी

रेघावालीला सांगायचा दिवस. पट्टी म्हणाला, द्यायला काम नाही तर तिला असं लटकवून ठेवणं बरं नाही, मी बोलतो. मी म्हटलं, नाही, असली अवघड गोष्ट नेत्यानेच करायची असते. सकाळपासून तयारी केली. 'पॉज', 'नव्या दिशा', 'तुझ्या वाढीसाठी' हे शब्द चांगले बसले होते. केबिनमध्ये बोलावलं, चाळीस मिनिटं बोललो. शेवटी तिने विचारलं, "सर, म्हणजे उद्यापासून यायचं नाही ना?"

मी म्हटलं, असं शब्दांत पकडू नये.

मग कळलं की पट्टीने तिला गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं. शाळेची पुस्तकं काढणाऱ्या कुणा प्रकाशकाकडे तिच्यासाठी शब्दही टाकला होता. तिथे अर्धा दिवस काम आहे. मी विचारलं, मग मघाशीच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुम्ही एवढी तयारी केली होती, सर."

तिचं सामान एका खोक्यात मावलं. पट्टी ते घेऊन तिच्याबरोबर खाली गेला आणि बऱ्याच वेळाने आला. मी तिचं टेबल पुसायला घेतलं. पांढऱ्या टेबलावर शेकडो रेघा, निळ्या, काळ्या, काही हिरव्या. स्पिरिटने पण गेल्या नाहीत. नाद सोडला.

५ मार्च

लोगोला थोडा उशीर होतोय. एकतिसावी कन्सेप्ट चालू आहे. पट्टी पुन्हा आला, "जरा बसतोस का पाच मिनिटं?" मी नेमका एका वळणावर होतो. शुक्रवारी बसू म्हटलं. शुक्रवारी छापखान्यातून बोलावणं आलं आणि त्यालाच जावं लागलं. आता याला मी काय करणार?

१२ मार्च

बूटवाले काका आले होते. त्यांच्या दुकानाची पाटी हे आमचं पहिलं काम. तेव्हा स्टुडिओही नव्हता, पट्टीच्या आईच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून आम्ही ती अक्षरं काढली होती. एकवीस वर्षांत काका आमच्याकडे कधी वर आले नव्हते. आज दोन मजले चढून आले, मधल्या जिन्यात थांबून थांबून.

दुकान महिनाअखेरीला बंद होतंय. तसा बोर्ड हवा होता. म्हणाले, "अक्षरं तीच ठेवा. शब्द तेवढे बदला."

मजकूर त्यांनी बुटाच्या खोक्याच्या झाकणावर लिहून आणला होता. 'दुकान बंद होत आहे. इतकी वर्षं तुमचे पाय आमच्या हाती दिलेत. आभारी आहोत.' मी त्यांना सांगितलं की बोर्डाला शब्द फार होतात, दुसरं वाक्य काढू. ते म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. पट्टी म्हणाला, "काका, काही काढायचं नाही. मी बसवतो." आणि बसवलं त्याने. काका स्क्रीनकडे बघत राहिले. मग विचारलं, 'आभारी' थोडं मोठं करता येईल का?

तेवढ्यात पट्टी फोन आला म्हणून जिन्यात गेला. त्याचा फोन टेबलावरच होता. हल्ली फार विसरतो.

१८ मार्च

भांडीवाला, सायकलवाला, खेळण्यांचं दुकान. आठवड्यात 'बंद' चे आणखी तीन बोर्ड. ही वाईट बातमी असं वरवर बघणारा म्हणेल. मला त्यात नवं व्हर्टिकल, म्हणजे धंद्याची नवी शाखा दिसते. नाव ठेवलंय 'निरोप डिझाइन'. स्पर्धक एकही नाही आणि मार्केट रोज वाढतंय.

संध्याकाळी जेवताना बायकोला सांगितलं. तिने वाढता वाढता हात थांबवला आणि विचारलं, सगळे बंद झाले की मग? ती शाळेत गणित शिकवते. प्रत्येक गोष्टीची शेवटची पायरी मागते. मी म्हटलं, लाँग टर्मवर काम चालू आहे.

ती म्हणाली, पट्टी भावजी काय म्हणतात? मी म्हटलं, त्याचं काही म्हणणं नसतं.

२९ मार्च

प्रेझेंटेशनचा दिवस. अठ्ठावन्नावी कन्सेप्ट फायनल. पट्टीला रीतसर निमंत्रण दिलं, केबिनचे पडदे ओढले, प्रोजेक्टर लावला. बहात्तर स्लाइड्स. पहिल्या चाळीस नुसत्या 'का' वर. तो पूर्ण बसला, एकदाही घड्याळ बघितलं नाही.

लोगो असा: दोन रेघा. खालून लांब लांब सुरू होतात, वर येऊन एकमेकींना टेकतात. डावी जाड, उजवी बारीक. दोघींमधली फट मी भरली होती, म्हणजे एकच आकार दिसावा.

पट्टी उठून पडद्यापाशी गेला. म्हणाला, "डावी जास्त जाड झालीय. दोन्ही सारख्या कर. आणि मधली फट भरू नकोस, असू दे." करून बघितलं. बरोबर होतं. मीही तिथपर्यंत पोचलोच असतो.

मग तो खुर्चीत बसला आणि म्हणाला की एक तारखेपासून तो पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात जातोय. नमुने तयार करायचं काम आहे.

मी विचारलं, हे ठरलं कधी? म्हणाला, फेब्रुवारीत. "तुला सांगायला तीनदा आलो." मला दोनदा आठवतंय. तसं म्हटलं त्याला. तो म्हणाला, बरं, दोनदा.

मी म्हटलं, अरे, लोगो दोघांचा आहे. तो पडद्याकडे बघून म्हणाला, "चांगला झालाय रे." आणि प्रोजेक्टर बंद केला. त्याचं बटण दोनदा दाबावं लागतं, ते त्यालाच जमतं.

३१ मार्च, संध्याकाळ

पट्टीचा शेवटचा दिवस. शेवटचा म्हणजे तूर्तास. जास्तीत जास्त पंधरा दिवस, मग येईल परत. कारखान्यात तो रमायचा नाही, तिथे कोणाशी काय बोलणार डिझाइनबद्दल?

त्याने कटर नेला, कटिंगची चटई नेली, कप नेला. माझ्यासाठी एक वही ठेवून गेला. सगळ्या क्लायंटची नावं, नंबर आणि पुढे त्याच्या बारीक अक्षरात नोंदी. 'सकाळी फोन करू नये.' 'आई आजारी असते, आधी तिचं विचारावं.' 'याला लाल आवडतो.' 'हा नाही म्हणतो तेव्हा एक दिवस थांबावं.' असल्या गोष्टी लिहून ठेवायला वेळ बरा मिळाला त्याला.

निघताना त्याने हात पुढे केला. एकवीस वर्षांत आम्ही एकमेकांशी कधी हात मिळवला नव्हता, त्यामुळे जरा गडबड झाली. खाली सोडायला गेलो नाही. एक फोन यायचा होता.

फोन आला नाही.

९ एप्रिल

नवा लोगो जगासमोर. कार्डं छापून आली, कागद उत्तम. सगळ्या क्लायंटना मेल पाठवला, सोबत बहात्तरपैकी निवडक तीस स्लाइड्स. दोन उत्तरं आली. एकाने यादीतून नाव काढायला सांगितलंय. दुसऱ्याने विचारलंय, पट्टी साहेबांची तब्येत बरी आहे ना?

१७ एप्रिल

स्वतः बिस्किट कंपनीत गेलो. क्लायंट मीटिंग काही मोठी गोष्ट नाही, उगाच इतकी वर्षं पट्टीवर सोडली. मॅनेजरने पाणी दिलं, मग म्हणाला, "ते दुसरे नाही आले? बशीचं खोकं केलेलं, ते?"

मी चूक दुरुस्त केली. तो म्हणाला, ते इथे समोर बसले होते, स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड दुमडून दाखवलं होतं मला. मी म्हटलं, कल्पना माझी, तो फक्त दाखवत होता. तो म्हणाला, "असेल." फार सभ्य माणूस.

त्यांना खरं तर काम आहे. त्याच खोक्यात पुठ्ठा कमी लागेल अशी घडी हवीय. माझ्यापुढे कागद सरकवला, सुचतंय का बघा म्हणाला. मी कागद घेतला. दुमडला. उलगडला. पुन्हा दुमडला. होडीसारखं काहीतरी झालं. कळवतो म्हणाला.

१८ एप्रिल

विषय कायमचा मिटवावा म्हणून जुन्या फायली काढल्या. बशीच्या खोक्याची फाइल सापडली. आत अकरा कागद. घडी, मापं, तारखा, सगळं पट्टीच्या हातचं. एकावर खालच्या बाजूला चहाचा डाग आणि त्यापुढे त्याने लिहिलंय, 'इथे जमलं.' शेवटच्या कागदावर कोपऱ्यात माझं अक्षर आहे. 'रंग पिवळा?'

खोकं निळं आहे.

अर्थ उघड आहे. मी सांगत असणार आणि तो काढून घेत असणार. सांगणाऱ्याचं अक्षर कागदावर कसं येईल?

डोकं दुखत होतं. चारलाच घरी आलो.

२ मे

स्टुडिओ 'रिमोट' केला. जगभर हाच ट्रेंड आहे. जागा सोडताना चष्मेवाला वर आला, त्याने मदत केली. रेघावालीचं टेबल कुणी घेईना. भंगारवाला म्हणाला, खराब आहे. मी म्हटलं, खराब नाही. मग तो ते नेईचना आणि मला सोडवेना. शेवटी ते घरी आणलं. बायकोने जागा करून दिली. त्याच टेबलावर एका बाजूला ती वह्या तपासते, दुसऱ्या बाजूला स्टुडिओ.

२० मे

पट्टीला फोन करायचा ठरवला. मुद्दे काढले. एक: लोगोला प्रतिसाद उत्तम. दोन: जागेचा प्रश्न सुटलाय. तीन: कधी येतोस? मग वाटलं, फोनवर नको, समोरासमोर बरं.

खोक्यांचे दर विचारायला म्हणून कारखान्यात गेलो. दोन बस बदलून. गेटवरच्या माणसाने विचारलं, कुणाकडे? माझ्या तोंडून निघून गेलं, कुणाकडे नाही.

जेवणाची सुट्टी होती. आवारात पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांवर पट्टी बसला होता, भोवती सहा-सात कामगार. त्याच्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा होता, तो दुमडून काहीतरी दाखवत होता. सगळे वाकून बघत होते. एका बाईने तो तुकडा त्याच्या हातून काढून घेतला आणि उलट्या बाजूने दुमडला. पट्टीने बघितलं आणि मोठ्याने हसला. पार मागे रेलून. त्याचं तसलं हसणं मी कॉलेजात ऐकलं होतं. त्यानंतर कधी ऐकलं, ते बसमध्ये बसून आठवत होतो.

वेळ कमी होता म्हणून न भेटताच आलो.

११ जून

इंटरव्ह्यू. एका मोठ्या कंपनीत डिझाइनरची एकच जागा आहे. बायकोने जाहिरात कापून माझ्या बाजूला ठेवली होती. मी म्हटलं, मार्केटचा अंदाज घ्यायला जाऊन येतो.

बाहेर बाकावर बारा-तेरा जण होतो. त्यातले तिघं ओळखीचे, तिघांचे आपापले स्टुडिओ होते. चौघांनीही एकमेकांना सांगितलं की सहज आलोय.

आत एक सत्ताविशीची मुलगी होती. फार नीट बोलली. माझा पोर्टफोलिओ एकेक पान करून बघितला. बशीच्या खोक्यापाशी थांबली. म्हणाली, हे मी शाळेत असताना आमच्या घरी असायचं, मी आणि माझा भाऊ त्या बशीसाठी भांडायचो. मग विचारलं, "यात तुमचं काम नेमकं कुठलं?"

मी म्हटलं, आम्ही हे केलं. ती म्हणाली, हो, पण तुम्ही? मी पुन्हा 'आम्ही' ने सुरुवात केली. तिने पेन खाली ठेवलं आणि वाट बघितली. घाई केली असती तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं.

मी म्हटलं, रंग पिवळा असावा असं मी सुचवलं होतं.

तिने खोक्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. पान उलटलं. पुढच्या पानावर बुटाच्या दुकानाची पाटी होती. ती म्हणाली, आणि ही अक्षरं? मी म्हटलं, एक अक्षर त्याने काढलं, एक मी, एक त्याने, एक मी. कुठलं कुणाचं ते आता मला सांगता येत नाही.

ती म्हणाली, छान आहे हे. खरंच म्हणाली.

२३ जून

त्या जागेवर दुसऱ्या कुणाला घेतलं. बायकोला सांगितलं की त्यांना माझ्याइतका अनुभव परवडणार नव्हता. ती वही तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मला पण असंच सांगणार का तू?"

 थोड्या वेळाने तिने वह्यांचा गठ्ठा सरकवला आणि माझा हात धरून बसून राहिली. तिच्या बोटांना लाल शाई होती.

तिला सगळं सांगितलं. बशीचं, कारखान्याच्या गेटचं, होडीचं. होडीला ती हसली, मीही हसलो. 

३० जून

पट्टीला फोन केला. मुद्दे काढले नाहीत. रविवारी भेटायचं ठरलं.

३ जुलै, रविवार, दुपार

भेटलो. बागेजवळच्या चहाच्या दुकानात. तो आधीच येऊन बसला होता. थोडा बारीक झालाय, हातांवर पुठ्ठ्याचे बारीक बारीक काप आहेत.

त्याने आधी बायकोची चौकशी केली, मग माझ्या बीपीच्या गोळ्यांची. मी त्याला काय विचारावं ते मला सुचेना. त्याच्या घरचं मला काहीच माहीत नाही असं लक्षात आलं. आई कशी आहे विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे, आई जानेवारीत गेली. तू आला होतास."

गेलो होतो. आठवलं. तिथे लोकांमध्ये उभं राहून मी याला कठड्याचं वाक्य ऐकवलं होतं.

खूप वेळ चहा ढवळत बसलो. मग मी म्हटलं, "बशी तुझी होती." हे वाक्य तीन दिवस मनात धरून ठेवलं होतं. वाटलं होतं, ऐकल्यावर काहीतरी होईल.

तो म्हणाला, "मला माहितीये रे."

मी म्हटलं, परत सुरू करू. छोटं. एक खोली. तुझं नाव आधी, डिझाइन तू बघ, मी फोन करीन, मी छापखान्यात जाईन. तुझी ती वही पाठ केलीय मी. त्याने सगळं ऐकून घेतलं, नेहमीसारखं. तो हसला, तेव्हा मला वाटलं, पटलं.

"नाही रे," तो म्हणाला. "तिथे मी काही म्हटलं की कुणीतरी ऐकतं. चुकलो तर सांगतात. या वयात मला त्याची सवय लागलीय."

मी म्हटलं, मी पण ऐकीन. तो म्हणाला, "हो." त्या 'हो' मध्ये राग असता तर बरं झालं असतं.

उठताना त्याने हात पुढे केला नाही, खांद्यावर ठेवला. म्हणाला, भेटत जाऊ अधूनमधून. मी म्हटलं, नक्की. कधी ते दोघांनीही विचारलं नाही.

८ ऑगस्ट

नोकरी लागली. झेरॉक्स आणि छपाईचं दुकान, काउंटरवर. मालकाला कुणीतरी अक्षर कळणारा माणूस हवा होता. बायको म्हणाली, संकल्प वगैरे काही करू नकोस, नुसता जा.

१९ ऑगस्ट

कामावर वेळेवर. दिवसभर उभं राहून पोटऱ्या दुखतात, बाकी ठीक.

दुपारी दोन मुली आल्या. व्हिजिटिंग कार्डं छापायची होती. नवा डिझाइन स्टुडिओ काढतायत, दोघी मिळून. मी म्हटलं, आत्ता? पुढची म्हणाली, आत्ताच तर खरी वेळ आहे, काका. मोठ्या स्टुडिओंना लोक कंटाळलेत. बराच वेळ बोलली. हातवारे करत, छान बोलत होती. दुसरी मागे फोल्डर घेऊन उभी होती. पैसे तिने काढले, कागद तिने बोटांनी चाचपून निवडला, कार्डाच्या कडेला अक्षरं फार टेकलीत हेही तिनेच हळूच मला दाखवलं.

लोगो चांगला होता. मनापासून चांगला. मी तो प्रूफवर बघत राहिलो आणि मग त्या मागच्या मुलीला विचारलं, "हा तू काढलास?"

तिने तोंड उघडलं. पुढची म्हणाली, "नाही, डिझाइन माझं. ही बाकीचं बघते."

मागची हसली.

मला तिला काहीतरी सांगायचं होतं. खरं तर पुढचीला सांगायचं होतं. काय, ते जुळवत होतो. रांगेतला माणूस म्हणाला, घाई आहे, दोन्ही बाजूंनी पाच कॉपी काढा.

काढून दिल्या. वळून बघितलं तेव्हा दोघी रस्ता ओलांडत होत्या. पुढची अजून बोलतच होती.